आबांचा आंबा आणि गावच्या माश्या

माशी मारली की आमचे घरमालक भिंतीपलीकडून विचारायचे, "मास्तरीणबाई, कोनले मारं वं?"

आता सांगा, काय उत्तर द्यावं माणसानं? मी लग्न होऊन नगरकडून थेट खानदेशात आलेली. हातात ताडाचा पंखा, पुढ्यात वरणाची वाटी, वाटीच्या काठावर माशी. मारली. तर पलीकडे खाटेवर बसलेला म्हातारा खुनाची चौकशी केल्यासारखा विचारतोय! पहिल्यांदा मी घाबरून म्हटलं, "माशी होती, आबा." त्यावर शांतपणे म्हणाले, "मन्ही व्हती का तुन्ही?"

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीची ती दोन-तीन वर्षं. आमचे हे तापीकाठच्या एका गावात शाळामास्तर म्हणून लागले होते. सारंगखेडा हाकेच्या अंतरावर, त्यामुळे घोडेबाजाराच्या दिवसांत आमच्या ओसरीपर्यंत घोड्यांची धूळ यायची. गाव गुजरांचं, कापूस-केळीवालं, खाऊनपिऊन सुखी. आबाही त्यातलेच. एकटे राहत, पोरबाळ नाही, बायको जाऊन काही वर्षं झालेली. दोन खोल्या त्यांनी आम्हाला दिल्या आणि सामान खाली ठेवायच्या आत अटी सांगितल्या. परसातली कोथिंबीर खुडायची नाही, तिला फुलू द्यायचं. शेवग्याच्या फुलांची भाजी करायची नाही. गिलक्याच्या वेलाकडे सकाळी फिरकायचं नाही, कारण त्या वेळी फुलांवर गिऱ्हाईक असतं.

गिऱ्हाईक म्हणजे किडे. आबा त्यांना एकेक ओळखत आणि गावातली पदं वाटत. पिवळ्या पट्ट्यांची एक बारीक माशी कोथिंबिरीच्या फुलासमोर हवेतल्या हवेत उभी राहायची, ना पुढे ना मागे. तिला ते तलाठी म्हणत. ती येते, नुसती बघत उभी राहते आणि काय बघून गेली ते कोणाला कळत नाही. शेवग्यावरचा काळाभोर भुंगा म्हणजे पाटील. त्याचं येणं आधी ऐकू येतं आणि मग दिसतं. मुंगळ्यांवर मात्र त्यांचा दात होता. "हाई पुढारी लोक," म्हणायचे, "फुलमा घुसतस, गोड खातस, नि आल्या पावली खाले उतरतस. या फूलनं पीठ त्या फूलले नेवानं काम येसना बापनं बी नही." माझ्या आमटीत वर्षभर कोथिंबिरीचं पान पडलं नाही, पण तलाठ्याची सोय उत्तम होती.

शाळेत तेव्हा भिंतीवर एक तक्ता असायचा. त्यावर लाल डोळ्यांची भलीमोठी माशी आणि खाली ठळक अक्षरांत, "माशी हा आपला शत्रू." आमचे हे एकदा तो धडा रंगवून शिकवत होते. कॉलरा, हगवण, काय काय सांगून झालं, पोरं अगदी चिडीचूप. तेवढ्यात खिडकीतून आबांचं पागोटं आत आलं. "गुरुजी, तो शत्रू मन्हा आंबावर धाडी द्या. माले त्यानं काम शे." पोरं खो खो हसली. आबा तरी तिथे थांबावेत! आत येऊन त्यांनी तक्ता निरखला आणि चित्रातल्या माशीला चार पंख काढलेत, माशीला दोनच असतात, एवढंही शाळेला माहीत नाही का, असं विचारलं. हे घरी येऊन जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र ओसरीवर एक मेलेली माशी उलटी करून बघत होते.

आबांचा खरा आजार वेगळा होता. हार मानणं म्हणून त्यांना येत नसे. वाद कशावरही चालायचा. एकदा तापीच्या काठावर नावाड्याशी वाद झाला, की नदीला पाणी वाढलंय की ओसरतंय. वाद आबा जिंकले, पण तोवर नाव पलीकडे जाऊन पोचली होती. शेजारचे नाना त्यांचे सख्खे चुलतभाऊ. त्यांच्याशी मधल्या भिंतीवरून आबा कितीतरी वर्षं धुळ्याच्या कोर्टात भांडले आणि ती भिंत जिंकून आले. भिंतीवरून मांजर गेलं तरी आबा नानांना हाक मारून सांगत, "देख रे, मन्ही भित्तवर मांजर चाली ऱ्हायनं!" नाना गावातले मोठे सोवळ्याचे, कपाळावर उभं गंध, गळ्यात कंठी. ते दार लावून घेत.

आणि या दोघांपेक्षाही जास्त भांडण आबांचं झालं होतं ते बायकोशी.

ती बाई मी पाहिली नाही. पण आबा दिवसातून इतक्या वेळा तिच्याशी भांडत, की ती आत चुलीपाशीच असावी असं मला वाटायचं. तिचं माहेर अक्कलकुव्याच्या पलीकडे, गुजराथच्या हद्दीत. तिथून येताना तिनं एका आंब्याची कोय पदराला बांधून आणली आणि परसात मधोमध लावली. आबा म्हणाले, इथे आंबा येणार नाही. ती म्हणाली, येईल. आबा म्हणाले, "उनाच तर आंबट येई," म्हणजे आलाच तर आंबट. ती म्हणाली, "येई, आनि गोड येई." इथून जे लागलं ते तिच्या मरणापर्यंत. भांडी घासलेलं पाणी, पोळ्यांच्या हाताचं पाणी, सगळं त्या झाडाला. झाड चांगलं घरावर गेलं. दर वर्षी मोहोर यायचा, परस पिवळा व्हायचा, आणि दर वर्षी सगळा मोहोर गळून खाली. आबा झाडू घेऊन तो गोळा करत आणि तिला दाखवत. शेवटच्या दुखण्यातही तिनं विचारलं म्हणे, "लागना का?" आबा म्हणाले, "नही." ती म्हणाली, "लागी." आणि गेली.

"आसं वाद अर्धा टाकीसन जातस का कोनी?" आबा मला विचारायचे. डोळे कोरडे, आवाज कोर्टातला. "निकाल नको का लागाले?"

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. घागरीवर खरबूज, सांजोरी आणि दोन आंबे ठेवतात. त्या दिवसापर्यंत घरात कोणी आंब्याला तोंड लावत नाही. आबा दर आखाजीला बायकोची घागर भरत आणि तिच्यावर शहाद्याच्या बाजारातले आंबे ठेवत. ते त्यांना फार लागायचं. तिच्या घागरीवर तिच्याच झाडाचा आंबा ठेवायचा आणि वादाचा निकाल लावायचा, एवढीच त्यांची इच्छा उरली होती. त्यात पुन्हा नानांनी त्या वर्षी सांगून ठेवलं होतं, की झाडाच्या फांद्या त्यांच्या कौलांवर येतात. यंदा फळ धरलं नाही तर पंचांकडून झाड तोडायला लावणार. फळ धरलं तर फळझाड म्हणून राहील, नाहीतर सरपण. आबांना एक हंगाम मिळाला होता.

माश्यांचं वेड लागलं ते त्यामुळे. नदीकाठी भोई लोकांची वस्ती, तिथे मासे वाळत घातलेले, आणि त्यांच्यामध्ये एक वेडंवाकडं आंब्याचं झाड. ना आळं, ना खत, आणि फळांनी लवलेलं. आबा उपरण्यानं नाक बांधून त्या झाडाखाली एक अख्खी सकाळ बसले. ज्या माणसानं जन्मात अंड्याचं टरफल ओलांडलं नव्हतं तो! आले ते थेट माझ्या दारात. "मास्तरीणबाई, मधमाशी आंबाले इचारस बी नही. हिरवी माशी, निळी माशी, त्या काम करी ऱ्हायनात! माशावरथीन उठतस, मोहोरवर बसतस. आपला परसमा माशीच नही तं आंबा कोठथीन लागी?"

खरंच, एखाददुसरी चुकार सोडली तर नव्हती. गुरं त्यांनी केव्हाच मळ्यात हलवली होती आणि परस सकाळ-संध्याकाळ झाडलेलं. आता एवढ्या वर्षांची स्वच्छता त्यांच्या मुळावर आली.

आधी सगळे सात्त्विक उपाय झाले. गुळाचं पाणी शिंपडलं, तर मुंगळे आले. शेणाच्या पाट्या ठेवल्या, तर नानांची कोंबडीसुद्धा फिरकली नाही असं मी म्हणणार होते, पण नानांकडे कोंबडी कुठली! मग कुजकी केळी टोपलीभर आणून झाडाखाली ओतली. माश्या आल्या. पण त्यांनी झाडाकडे ढुंकूनही पाहिलं नाही, तडक माझ्या स्वयंपाकघरात शिरल्या. मी ताटावर ताट झाकून, तोंडाला पदर लावून भाकरी थापत होते आणि हा म्हातारा दारात उभा राहून माश्यांना बोलावतोय, "आठे नका, तठे चाला, तठे!" हे म्हणाले, आपण घर बदलू. मी म्हटलं, बदलू तर काय, पण या गावात दुसरी खोली मिळाली तरी तिथे हे बघायला मिळेल का?

शेवटी व्हायचं ते झालं. पौष संपता संपता मोहोर फुलला आणि एका पहाटे आबा उपरण्याखाली मडकं घेऊन घरात शिरले. मडक्यावर झाकण, झाकणावर तुळशीचं पान. आत भोईवाड्यातून आणलेली माशांची मुंडकी. मडकं फांदीला टांगलं आणि लगेच थंड पाण्यानं आंघोळ केली. मडक्यातला माल रोज बदलायला लागायचा, त्यामुळे आंघोळही रोज दोनदा-तीनदा. भर थंडीत. त्या महिन्यात आबांचं नाक सतत गळत होतं, आणि ते एका अर्थी बरंच होतं, कारण त्यांना वास येत नव्हता. आम्हाला येत होता.

पण माश्या आल्या! काय सांगू, हिरव्या, निळ्या, चकचकीत. सगळा मोहोर गुणगुणायला लागला. आबा खाटेवर उताणे पडून वर बघत आणि मोठ्यानं शाबासकी देत. त्यांच्या तोंडावर तेव्हा जो आनंद दिसे तो मी नंतर फार थोड्या माणसांच्या तोंडावर पाहिला.

वास भिंतीपलीकडे गेला आणि नाना उठले. गुजराच्या घरात मासा! मारुतीच्या पारावर पंच बसले. मी बायकांच्या घोळक्यात उभी होते. नाना म्हणाले, याला पंगतीतून उठवा, याच्याकडे पाणी पिऊ नका. लोक माना डोलावू लागले. आबा शिंकले, नाक पुसलं आणि उभे राहिले.

"मासा कोनी खादा? मी खादा? कोनले पाहिजे त्यानी मन्हा तोंडना वास लेवा. मासा खादा माशीनी. वाळीत टाकनं व्हई तं माशीले टाका."

हशा पिकला. नाना तांबडेलाल झाले. म्हणाले, हसू नका, हा विषय धर्माचा आहे. माशावरची माशी ज्या मोहोरावर बसली तो आंबा बाटला. आबा याचीच वाट बघत होते.

"बाटना? बरं. नाना, तू जलमभर आंबा खादा ना? तुन्हा आंबाना मोहोरवर माशी बसनीच व्हई, नही तं आंबा लागताच नही. ती माशी आधी कोठे बसेल व्हती, इचारं व्हतं का तिले?"

मी पाहिलं, एकेकाच्या चेहऱ्यावर जन्मभराचा आमरस फिरून गेला. कोणी हसेना. आता प्रश्न आबांचा राहिला नव्हता. माशीनं आंबा बाटतो म्हणावं तर सगळा गाव पिढ्यान्‌पिढ्या बाटलेला, आणि पुढे आंबा बंद! पंचांनी एकमेकांकडे पाहिलं. बराच वेळ तंबाखू मळून झाली. मग सगळ्यांत म्हातारे पंच म्हणाले, वारा हा देव आहे. माशी वाऱ्यातून उडत आली की वाटेत शुद्ध होते. सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. शास्त्र असं तंबाखूवर तयार होताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

नानांनी तेवढ्यातही आडवा पाय घातला. ठीक आहे, म्हणाले, पण मडकं झाडावरच टांगलेलं असेल तर माशी उडते कुठे? तिला वारा लागतोच कुठे? मुद्दा बिनतोड होता. पंचांनी निवाडा दिला, की मडकं झाडापासून परसात जितकं लांब नेता येईल तितकं न्यावं, म्हणजे माशीला शुद्ध व्हायला पुरेसा वारा मिळेल.

आबांनी वाकून निवाडा मान्य केला. इतका नम्र माणूस मी बघितला नव्हता! घरी आले आणि मडकं परसाच्या अगदी टोकाला नेऊन टांगलं. परसाच्या टोकाला काय होतं? कोर्टात जिंकलेली ती भिंत. आणि भिंतीपलीकडे नानांचं जेवणघर. पंचांचा शब्द, मोडायचा कसा? त्या महिनाभर नानांच्या घरची मंडळी पुढच्या अंगणात, भर उन्हात बसून जेवली.

आणि फळ धरलं. मोहरीएवढं, मग बोराएवढं. आबांनी मला हाताला धरून नेऊन दाखवलं. मडकं त्याच दिवशी उतरलं आणि नदीत गेलं. पंचांपुढे नारळ फुटला, आबांचं पंगतीतलं पान कायम राहिलं. नाना झाड तोडायचं बोलायचे बंद झाले. पण चैत्रात एका दुपारी वादळ आलं आणि कैऱ्यांचा सडा पडला. आबा त्या वादळात झाडाखाली उपरणं पसरून उभे होते, जणू उपरण्यात झेललेली कैरी पुन्हा चिकटवता येते. वर पाहिलं तर मूठभर फळं उरलेली. मला रडू आलं. माझं झाड नव्हे, माझी बाई नव्हे, पण आलं. ज्या माश्यांनी माझं अन्न नासवलं त्यांच्यासाठी मी देवापुढे हात जोडले.

उरलेली फळं आबांनी आखाजीच्या आधी उतरवून मडक्यात पेंढा घालून पिकत ठेवली. रोज झाकण उघडून वास घेत. सर्दी गेली होती तरी मला बोलवत, "बेटा, तू देख, मन्हं नाक वकील शे, ते मन्हाच बाजूनं बोलस." मी वास घ्यायची. कच्चा. कच्चा. आखाजीच्या आदल्या दिवशी मात्र झाकण उघडलं आणि मीच ओरडले, "आबा, पिकला!"

आखाजीला सांजोऱ्या मी केल्या. आबांनी घागर भरली, वर खरबूज ठेवलं, त्यावर दोन आंबे. लहानच होते, हिरवट, एका बाजूला पिवळे. भाऊबंद जेवायला आले, नानाही आले. घागरीची पूजा चालू असताना एक हिरवी माशी आली आणि थेट आंब्यावर बसली. मी सवयीनं पदर उचलला. आबांनी माझा हात धरला. "ऱ्हाऊ दे वं, मास्तरीणबाई. ती घरनी शे."

नैवेद्य झाला. मग उरलेले आंबे चिरून सगळ्यांच्या हातावर एकेक फोड पडली. मी तोंडात घातली आणि देवा रे! चिंच परवडली. दाढा शिवशिवल्या, एक डोळा आपोआप मिटला. बाकीच्यांची तोंडं पाहिली तर सगळी पंगत डोळा मारतेय. नानांना तर सोनं सापडल्यासारखं झालं. ते उठून उभेच राहिले. "आंबट शे, भाऊ! तू म्हनतच व्हता, उना तरी आंबट येई! तुन्हंच खरं निंघनं!"

जन्मात पहिल्यांदा नानांनी कबूल केलं होतं की आबांचं खरं. सगळ्या भाऊबंदांसमोर. इतक्या वर्षांच्या वादाचा निकाल आबांच्या बाजूनं लागला होता आणि पुरावा त्यांच्या स्वतःच्या तोंडात होता. सगळे त्यांच्याकडे बघू लागले.

आबा फोड चावत राहिले, अगदी सावकाश. सालीसकट खाल्ली. दुसरी घेतली, तीही खाल्ली.

"गोड शे," ते म्हणाले. "नाना, तुन्हा तोंडले चव नही."

नाना काही बोलायला गेले. आबांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, की ते खाली बसले. मग आबा घागरीकडे वळले, जरा पुढे झुकले आणि घरातल्या माणसाशी बोलावं तसं हळू म्हणाले, "तुन्हंच खरं व्हतं वं. गोड शे."

आणि आंबटानं डोळ्यांत आलेलं पाणी त्यांनी उपरण्यानं पुसलं.